नॅनोतारेच्या गणनेत मायोराना अवस्था दिसत नाही, किंवा नको तिथे दिसते

अतिसंवाहकाशेजारच्या नॅनोतारेच्या टोकांना शून्य ऊर्जेवर येणाऱ्या मायोराना अवस्थांची संगणकावर गणना करणाऱ्यांच्या तक्रारी साधारण दोनच प्रकारच्या असतात. पहिली अशी: चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले, ठरलेल्या जागी गॅप (शून्य ऊर्जेभोवतीची अवस्थांविना रिकामी जागा) मिटायला हवी होती, ती मिटलीच नाही, किंवा मिटली ती पुन्हा उघडलीच नाही. दुसरी अशी: शून्य ऊर्जेवर अवस्था मिळाली, अहवालात मायोराना म्हणून लिहिलीही, आणि मार्गदर्शकांनी तारेच्या टोकाचे विभव जरासे बदलायला सांगितल्याबरोबर ती निघून गेली. पहिली तक्रार बहुतेक वेळा कोडमधल्या चुकीची असते, दुसरी भौतिकीची. दोन्हींची तपासणी वेगळी आहे आणि पहिली पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात घालू नये.

साताऱ्यात किंवा सांगलीत बसून या विषयावर एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्याजवळ २० मिलिकेल्विनपर्यंत नेणारा शीतक नसतो. ८ जीबीचा लॅपटॉप, पायथॉन आणि फार तर क्वांट (Kwant) हे क्वांटम संवाहकतेच्या गणनेचे पॅकेज असते. एका तारेच्या गणनेला तेवढे भरपूर आहे.

आधी आकडे ठरवून घेऊ, म्हणजे पुढे नेमके बोलता येईल. २०१० साली लुचिन, साऊ आणि दास सर्मा यांनी, तसेच ओरेग, रेफाएल आणि फॉन ओपेन यांनी स्वतंत्रपणे सुचवलेली ही रचना आहे. प्रबळ स्पिन-ऑर्बिट जोड असलेली अर्धवाहक तार, तिच्यात शेजारच्या साध्या अतिसंवाहकाने आणलेली गॅप आणि तारेच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र. इंडियम अँटिमोनाइडसाठी प्रभावी वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या ०.०१४ पट, जी-गुणक ४०, स्पिन-ऑर्बिट अल्फा ५० मिली-ईव्ही नॅनोमीटर, प्रेरित गॅप डेल्टा ०.२५ मिली-ईव्ही धरू. तार ज्या बिंदूंत मोडली त्या साइटमधले अंतर १० नॅनोमीटर आणि ३०० साइट, म्हणजे ३ मायक्रोमीटरची तार. प्रत्येक साइटला ४ घटक (इलेक्ट्रॉन आणि होल, प्रत्येकी दोन स्पिन), म्हणून मॅट्रिक्स १२०० गुणिले १२०० चे. कॉम्प्लेक्स संख्यांत ते सुमारे २३ एमबी भरते. एवढ्यासाठी विरळ मॅट्रिक्सच्या वाटेला जायची गरज नाही. सरळ पूर्ण डायगोनलायझेशन करा.

हॉपिंग टी (शेजारच्या साइटवर उडी घेण्याची ऊर्जा) काढताना एकच आकडा पाठ असू द्या: एच-बार वर्ग भागिले दोन इलेक्ट्रॉन-वस्तुमान म्हणजे ३८.१ मिली-ईव्ही नॅनोमीटर वर्ग. त्याला ०.०१४ ने आणि अंतराच्या वर्गाने, म्हणजे १०० ने भागले की टी येतो २७.२ मिली-ईव्ही. स्पिन-ऑर्बिट हॉपिंग म्हणजे अल्फा भागिले दुप्पट अंतर, २.५ मिली-ईव्ही. झीमन ऊर्जा म्हणजे जी गुणिले बोर मॅग्नेटॉन गुणिले क्षेत्र, भागिले दोन. इथे दर टेस्लाला १.१६ मिली-ईव्ही. टोपोलॉजिकल अवस्थेची, म्हणजे टोकांना मायोराना येण्याची, अट: झीमन ऊर्जा ही डेल्टा वर्ग अधिक म्यू (रासायनिक विभव) वर्ग यांच्या वर्गमुळापेक्षा मोठी हवी. म्यू शून्य असताना हा उंबरठा ०.२२ टेस्लाच्या जवळ येतो, म्यू ०.५ मिली-ईव्ही असताना ०.४८ टेस्लाच्या जवळ. तुमच्या आलेखात गॅप या दोन जागी मिटत असेल तर कोडचा गाभा ठीक आहे असे समजा. बरोबर दुप्पट किंवा निम्म्या क्षेत्रावर मिटत असेल तर झीमनमधला दोनाचा भागाकार राहिला आहे किंवा दोनदा झाला आहे. एककांचीही एक खोड आहे: शोधनिबंधांत अल्फा ईव्ही-अँगस्ट्रॉममध्ये देतात. ०.५ ईव्ही-अँगस्ट्रॉम म्हणजे ५० मिली-ईव्ही नॅनोमीटर. इथे दहाची चूक झाली की पुढचे सगळे दहाने चुकते.

गॅप हलतच नाही

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

लक्षण असे: क्षेत्र ० पासून २ टेस्लापर्यंत नेले तरी गॅप ०.२५ मिली-ईव्हीच्या आसपास सरळ रेषेत राहते. आयगनव्हॅल्यू नीट येतात, कुठलीही एरर नाही, पण काही घडत नाही. कारण म्यूचा शून्य चुकीच्या जागी असतो.

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फूट झाली की इशारा, ४५ फूट झाली की धोका. या आकड्यांना अर्थ आहे तो पट्टीचा शून्य कुठे रोवला आहे हे पक्के असल्यामुळे. म्यूचेही तेच. वरच्या अटीतला म्यू ऊर्जापट्ट्याच्या तळापासून मोजलेला आहे. जालकावर (साइटच्या रांगेवर) मात्र पट्ट्याचा तळ आपोआप शून्यावर येत नाही. प्रत्येक साइटवर फक्त उणे म्यू लिहिला आणि हॉपिंग उणे टी ठेवले, तर तळ उणे २ टी वर जातो, म्हणजे उणे ५४.४ मिली-ईव्हीवर. मग तुम्ही म्यू शून्य म्हणता तेव्हा प्रत्यक्षात पट्ट्याच्या मध्यावर, तळापासून ५४ मिली-ईव्ही वर उभे असता. तिथून टोपोलॉजिकल उंबरठा गाठायला सुमारे ४७ टेस्ला लागतील. शिवाय एवढ्या मोठ्या तरंगसंख्येला स्पिन-ऑर्बिटची ऊर्जा ५ मिली-ईव्हीच्या घरात असते. तिच्यापुढे एकदोन मिली-ईव्हीच्या झीमनचे काही चालत नाही, आणि म्हणून गॅप जागची हलत नाही.

उपाय: साइटवरची ऊर्जा २ टी उणे म्यू ठेवा. तार द्विमितीत घेतली असेल तर ४ टी उणे म्यू, आणि त्यावर रुंदीमुळे येणारी पहिल्या उपपट्ट्याची ऊर्जाही वजा करावी लागते. ती हाताने काढण्यापेक्षा डेल्टा, अल्फा आणि क्षेत्र तिन्ही शून्य करून इलेक्ट्रॉनच्या भागाची सर्वांत खालची ऊर्जा छापा आणि तेवढी सरकवा.

ही चूक इतकी पसरण्याचे कारण किताएव्हची साखळी. २००१ सालच्या त्या मॉडेलमध्ये स्पिन नाही आणि म्यू पट्ट्याच्या मध्यापासूनच मोजतात. म्यूचे मूल्य उणे २ टी ते अधिक २ टी यांच्या आत असले की साखळी टोपोलॉजिकल. सराव त्या साखळीवर होतो आणि तीच ओळ तारेच्या कोडमध्ये तशीच उतरते. दोन्ही मॉडेल आपापल्या जागी बरोबर आहेत, शून्य मात्र वेगळे.

गॅप मिटते, पण पुन्हा उघडत नाही

झीमन ऊर्जा डेल्टाएवढी झाली की गॅप मिटते, त्यापुढे शून्याभोवती आयगनव्हॅल्यूंची दाटी होते आणि ती हटत नाही. शिवाय म्यू ० वरून ०.५ केला तरी मिटण्याची जागा बदलत नाही. या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर स्पिन-ऑर्बिट जोड एकतर गणितात नाहीच, किंवा क्षेत्राच्या दिशेतच आहे. एकमितीत या दोन्ही स्थितींचा वर्णपट सारखाच येतो, त्यामुळे नुसत्या आलेखावरून कोणती चूक आहे ते सांगता येत नाही. कोड वाचावाच लागतो.

स्पिन-ऑर्बिट सिग्मा-वायबरोबर लिहिले असेल तर क्षेत्र सिग्मा-एक्स किंवा सिग्मा-झेडबरोबर हवे (सिग्मा म्हणजे स्पिनची पाउली मॅट्रिक्स). दिशा बरोबर असूनही दाटी दिसत असेल तर मॅट्रिक्सचा प्रकार बघा. नमपायमध्ये (पायथॉनच्या NumPy लायब्ररीत) शून्यांचे मॅट्रिक्स करताना प्रकार सांगितला नाही तर ते वास्तव संख्यांचे होते. सिग्मा-वायने लिहिलेला स्पिन-ऑर्बिट हॉप गुणाकारानंतर वास्तवच येतो, म्हणून तो टिकतो. सिग्मा-एक्स किंवा सिग्मा-झेडने लिहिला तर तो पूर्णपणे काल्पनिक असतो. तो चौकोनी तुकडा वास्तव मॅट्रिक्समध्ये ठेवताना काल्पनिक भाग गळतो आणि फक्त एक इशारा छापला जातो. तो इशारा वर सरकून जातो, अल्फा शून्य होतो. सुरुवातीलाच कॉम्प्लेक्स प्रकार ठेवा.

तिसरी जागा: उजवीकडचा हॉप आणि डावीकडचा हॉप एकमेकांचे हर्मिशियन संयुग्मी असले पाहिजेत. दोन्हीकडे तोच तुकडा चिकटवला तर मॅट्रिक्स हर्मिशियन राहत नाही, पण हर्मिशियन मॅट्रिक्ससाठीचे नमपायचे फंक्शन तक्रार करत नाही. ते फक्त खालचा त्रिकोण वाचते आणि वरचा तसाच असेल असे गृहीत धरते. विरळ मॅट्रिक्सचे फंक्शन मात्र सगळे मॅट्रिक्स वापरते. त्यामुळे पूर्ण पद्धतीने एक उत्तर आणि विरळ पद्धतीने दुसरे आले तर पहिला संशय इथेच घ्या. मॅट्रिक्समधून त्याचे संयुग्मी-परिवर्त वजा करून सर्वांत मोठा घटक छापा. तो शून्यच हवा.

नाम्बू बेसिसची सरमिसळ

नाम्बू बेसिस म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र लिहिण्याचा क्रम. साहित्यात त्याच्या दोन मांडण्या चालतात. एकीत घटकांचा क्रम वर-स्पिन इलेक्ट्रॉन, खाली-स्पिन इलेक्ट्रॉन, खाली-स्पिन होल, उणे वर-स्पिन होल असा असतो. तिच्यात डेल्टा नुसत्या टाऊ-एक्सबरोबर येतो (टाऊ म्हणजे इलेक्ट्रॉन-होलसाठीची तशीच पाउली मॅट्रिक्स) आणि सिग्मा-एक्सचे झीमन पद टाऊशिवाय. दुसरीत होलचा क्रम इलेक्ट्रॉनसारखाच असतो. तिच्यात तेच झीमन पद टाऊ-झेडबरोबर येते आणि डेल्टाला सिग्मा-वाय आणि टाऊ-वाय दोन्ही लागतात. एका निबंधातून डेल्टा आणि दुसऱ्यातून झीमन उचलले की मॅट्रिक्स हर्मिशियन राहते, आलेखही सुबक येतो, पण ते कोणत्याच अतिसंवाहकाचे नसते.

याची तपासणी दोन ओळींची आहे. पहिल्या मांडणीत कण-होल सममितीचा ऑपरेटर म्हणजे सिग्मा-वाय गुणिले टाऊ-वाय आणि कॉम्प्लेक्स संयुग्मी. मॅट्रिक्सचे संयुग्मी घ्या, दोन्ही बाजूंनी या ऑपरेटरने गुणा, मूळ मॅट्रिक्स त्यात मिळवा. उत्तर दहाच्या उणे बाराव्या घातापेक्षा लहान आले पाहिजे. आयगनव्हॅल्यू शून्याभोवती आरशासारख्या आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. चुकीच्या मॅट्रिक्सलाही दुसऱ्या एखाद्या योगायोगी सममितीमुळे तसा वर्णपट मिळू शकतो.

कोडच्या यंत्रणेवरच शंका असेल तर किताएव्ह साखळी २० साइटची घ्या. टी आणि डेल्टा १, म्यू ०. मॅट्रिक्स ४० चे. बरोबर २ आयगनव्हॅल्यू शून्य, १९ अधिक २ वर, १९ उणे २ वर. अधिक-उणे १ आले तर पूर्ण मॅट्रिक्समध्ये अर्धा गुणक आला आहे, घाबरण्यासारखे काही नाही. इतर काहीही आले तर चूक बांधणीत आहे.

शून्यावर आहे, पण नेमकी शून्यावर नाही

ही बहुधा चूक नसते. मर्यादित लांबीच्या तारेत दोन टोकांच्या अवस्था मधे थोड्या भिडतात आणि ऊर्जा शून्यापासून दोन्ही बाजूंना फुटते. क्षेत्र वाढवत गेले की ही फूट हेलकावे खाते आणि हेलकाव्यांची उंची सहसा वाढत जाते. फूट किती असावी याचा अंदाज अवस्थेच्या पसरणीवरून येतो. स्पिन-ऑर्बिट लांबी आमच्या आकड्यांत १०९ नॅनोमीटर आहे, आणि झीमन मोठे असताना पसरण ढोबळमानाने ही लांबी गुणिले झीमन भागिले डेल्टा. झीमन ०.५ असताना सुमारे २२० नॅनोमीटर. ३ मायक्रोमीटरच्या तारेत ती तेरा-चौदा वेळा बसते, म्हणून फूट दिसणारच नाही. अल्फा २० घेतला आणि तार १ मायक्रोमीटरची केली तर पसरण ५४० नॅनोमीटर आणि तार जेमतेम दुप्पट. तिथे शून्य शोधण्यात अर्थ नाही. खात्री करायला लांबी दुप्पट करा. फूट घातांकी गतीने कोसळली तर ती टोकांच्या भिडण्याची होती.

इथेच आणखी एक गोंधळ होतो: एकाच आयगनव्हेक्टरची घनता दोन्ही टोकांना दिसते. दोन्ही मायोराना मिळून एक सामान्य फर्मिऑन होतो, म्हणून ते तसेच दिसणार. टोके वेगळी करायची असतील तर शून्याजवळचे दोन व्हेक्टर घ्या, त्यांच्यात स्थानाच्या ऑपरेटरचे २ गुणिले २ चे मॅट्रिक्स बांधा आणि ते डायगोनलाइझ करा. एक व्हेक्टर डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे. फूट इतकी बारीक असली की संगणक दोन व्हेक्टरांचे मिश्रण मनाला येईल तसे देतो, तेव्हाही ही युक्ती चालते.

द्विमितीत गेल्यावर मात्र स्मृतीचा प्रश्न येतो. ३०० गुणिले २० साइटचे मॅट्रिक्स २४,००० चे होते आणि पूर्ण साठवायला ९ जीबीवर जागा मागते. तिथे विरळ पद्धत, शिफ्ट-इन्व्हर्टसह (दिलेल्या ऊर्जेजवळच्याच आयगनव्हॅल्यू शोधणारी युक्ती). शिफ्ट नेमका शून्य देऊ नका: अवस्था खरोखर शून्यावर असेल तर मॅट्रिक्स व्यस्त होत नाही आणि गणना तिथेच पडते. दहाच्या उणे सहाव्या घाताएवढा शिफ्ट पुरतो. उन्हाळ्यात दुपारी वीज जाण्याचा धोका असतो, म्हणून क्षेत्राच्या प्रत्येक मूल्यानंतर निकाल फाइलमध्ये उतरवा.

संवाहकतेचे शिखर कधी दिसते, कधी नाही

२००९ साली लॉ, ली आणि एन्ग यांनी दाखवले की मायोरानामधून होणारे अनुनादी आंद्रेएव्ह परावर्तन (इलेक्ट्रॉन जाऊन होल परतणे) शून्य तापमानाला नेमकी २ई²/एच संवाहकता देते, म्हणजे ७७.५ मायक्रोसीमेन्स किंवा १२.९ किलोओहम. क्वांटमध्ये ही काढताना लीडला (तारेला जोडलेल्या बाहेरच्या संवाहकाला) इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे करणारा अक्षय्यता-नियम (conservation law) द्यावा लागतो. तो न देता एकूण परावर्तन घेतले तर उत्तर निरर्थक. सूत्र: मोडची संख्या, वजा इलेक्ट्रॉन-ते-इलेक्ट्रॉन परावर्तन, अधिक इलेक्ट्रॉन-ते-होल परावर्तन. गॅपच्या आत ही दोन परावर्तने मिळून मोडच्या संख्येएवढी झालीच पाहिजेत. कमी पडली तर कुठेतरी गळती आहे, बहुधा कोणीतरी ऊर्जेत टाकलेला लहानसा काल्पनिक भाग.

शिखर गायब होण्याचे साधे कारण म्हणजे ऊर्जेची पायरी. लीड आणि तार यांमधला अडथळा उंच असेल तर शिखर १ मायक्रो-ईव्हीहूनही अरुंद असते. १० मायक्रो-ईव्हीच्या पायऱ्यांनी चालणारा ते सहज ओलांडून जातो. उलट तापमान घातले की शिखर किमान ३.५ केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) एवढे रुंद होते, ५० मिलिकेल्विनला सुमारे १५ मायक्रो-ईव्ही, आणि उंची २ई²/एच च्या खाली येते. दोन्ही आलेख शेजारी ठेवताना तापमान लिहायला विसरू नका.

शिखर आहे, उंचीही बरोबर आहे, तरीही

कोड निर्दोष ठरल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. तारेच्या टोकाला विभव एकदम कड्यासारखे न चढता घाटरस्त्यासारखे हळूहळू चढत असेल, तर टोपोलॉजिकल अटीच्या खूप आधी शून्याजवळ अवस्था येतात. केल्स, माइडान आणि ब्रॉवर यांनी हे २०१२ सालीच दाखवले होते, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा इंडियम अँटिमोनाइड तारेचा प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी. अशा अवस्थेतले दोन मायोराना एकाच टोकाला एकमेकांवर बसलेले असतात. स्पिन वेगळा असल्यामुळे बाहेरच्या लीडला त्यातला एकच नीट जोडला जातो, आणि म्हणून २ई²/एच चे पठारही मिळू शकते. एका टोकाच्या मोजमापाने खरी मायोराना अवस्था आणि ही अवस्था यांतला फरक ठरवता येत नाही, ही गोष्ट अहवालात स्पष्ट लिहावी असे आमचे ठाम मत आहे.

स्वतः करून पाहा. शेवटच्या ५० साइटवर विभव शून्यापासून १ मिली-ईव्हीपर्यंत सावकाश चढवा आणि म्यू, झीमन यांच्या जाळीवर सर्वांत लहान ऊर्जेचा नकाशा काढा. त्यावर अटीची वक्ररेषा ओढा. रेषेच्या बाहेर पसरलेला शून्याचा डाग तुमच्यासमोर येईल. मग विभव तेच ठेवून फक्त ५ साइटमध्ये चढवा, डाग आक्रसतो.

ठरवण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: दोन्ही टोकांना एकाच क्षेत्रात शिखर, त्याच सुमारास तारेच्या मध्यभागी गॅप मिटून पुन्हा उघडणे, आणि टोपोलॉजिकल अचलाचे (तार टोपोलॉजिकल आहे की नाही हे चिन्हाने सांगणाऱ्या संख्येचे) चिन्ह बदलणे. मधली गोष्ट मोजायला तारेच्या दोन टोकांना दोन लीड लावून एकीकडून दुसरीकडची अस्थानिक संवाहकता काढा. गॅप मिटते तिथेच ती गॅपच्या आतल्या ऊर्जेला जागी होते. अचल एकसारख्या तारेत डेल्टा वर्ग अधिक म्यू वर्ग उणे झीमन वर्ग याच्या चिन्हावरून मिळते. अव्यवस्था (विभवातले यादृच्छिक चढउतार) असेल तर क्वांटच्या परावर्तन मॅट्रिक्सच्या डिटरमिनंटचे चिन्ह मायोराना बेसिसमध्ये घ्यावे लागते.

अव्यवस्था घालताना एक सापळा असतो. प्रत्येक साइटवर स्वतंत्र यादृच्छिक विभव दिले आणि नंतर अंतर १० वरून ५ नॅनोमीटर केले, तर तेच मानक विचलन ठेवल्याने अव्यवस्थेचा परिणाम निम्मा होतो. विचलन २ च्या वर्गमुळाने वाढवा. तसे न केल्यास बारीक जालकावर मायोराना अधिक टिकाऊ आहे असा खोटा निष्कर्ष निघतो.

२०१८ साली प्रसिद्ध झालेला क्वांटित मायोराना संवाहकतेचा निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला; सगळी मोजमापे एकत्र पाहिल्यावर दाव्यातले क्वांटीकरण टिकत नव्हते. तुमच्या अहवालात एक निवडक छेद छापणार असाल तर म्यू-झीमनचा संपूर्ण नकाशा त्याच पानावर छापा, छेद कुठला ते त्यावर रेषेने दाखवा, आणि अव्यवस्थेच्या निदान २० वेगवेगळ्या बीज-संख्यांचे (random seed) निकाल परिशिष्टात द्या. बीज-संख्याही लिहा, म्हणजे साताऱ्यातली गणना सांगलीतल्या लॅपटॉपवर जशीच्या तशी पुन्हा करता येईल.